कशावरून काकांची हजेरी

या रंगांच्या कंपनीत सभेचं इतिवृत्त सभेच्या आदल्या दिवशीच टाइप होऊन तयार असे. आधी कळस मग पाया, तसला कारभार. चिटणीसबाई वीस वर्षं तेच टाइप करत आल्या होत्या. संचालक मंडळी यायची, मिठाची गुळणी धरून बसायची, ती फक्त बिस्किटांपुरती सोडायची आणि शेवटी 'मान्य' म्हणून गाडीत बसायची.

एका माणसासाठी मात्र बाई पानावर चार ओळी कोऱ्या ठेवत. ते ऑडिट समितीचे अध्यक्ष, निवृत्त प्राध्यापक. कंपनीशी ना नातं, ना व्यवहार, म्हणून तर समितीवर घेतलेले. बाकीचे बोलत असताना ते खुर्ची खिडकीकडे फिरवून बसत. ठराव मंजूर होणार, एवढ्यात खुर्चीचं चाक कुरकुरे, काका वळत आणि विचारत, "कशावरून?" सगळं ऑफिस त्यांना कशावरून काकाच म्हणे.

त्यांच्या या एका शब्दाने ऑडिटची फी वाढायची. गोदामात चारशे पिंपं रंग आहे, कशावरून? मग ऑडिटरची माणसं आठवडाभर झाकणं उघडत बसायची. एकदा अकरा पिंपांत नुसतं पाणी निघालं. जास्त माणसं, जास्त दिवस, म्हणून जास्त फी. "हा म्हातारा आपल्याला महागात पडतो," असं मोठे साहेब दातओठ खात म्हणायचे. पण फी मंजूर करायची ती समितीने, आणि समिती काकांवाचून भरत नसे.

काका एका मंगळवारी गेले. बाईंना रडू आवरेना. टायपिस्ट म्हणून लागलेल्या त्यांना हाताला धरून चिटणीसपदाच्या परीक्षेला बसवलं होतं ते काकांनीच.

पंधरवड्याने साहेबांनी बाईंना सभेच्या खोलीत बोलावलं. दुपारचे तीन वाजले होते. टेबलापाशी ऑडिटर बसला होता, स्वतःचे बूट न्याहाळत.

"यंदा यांची फी तिप्पट," साहेब म्हणाले. "आणि गोदामाची तपासणी बंद."

"काम कमी आणि फी जास्त?"

"बाई, वेड पांघरू नका. समितीची सभा सोमवारी झाली, काकांनी मान्य केलं, असं लिहा. माणूस मंगळवारी गेला ना? मग सोमवारी होताच की."

बाई काय ते समजल्या. काकांच्या वेळी फी वाढायची ती विचारल्याची. ही फी अळीमिळी गुपचिळीची होती. मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालायचा आणि खाली सही आपली! नाही म्हणावं, तर निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, धाकटीचं कॉलेज अर्ध्यावर.

त्या मुकाट्याने कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसल्या आणि टाइप करून कागद साहेबांच्या हाती दिला. साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. ठरावाखाली एक ओळ होती: 'अध्यक्षांनी विचारले, कशावरून?'

"सवय हो," बाई ओशाळून म्हणाल्या. "वीस वर्षं हेच लिहितेय. बोटांनी आपसूक लिहिलं असेल."

त्यांनी ती ओळ काढून टाकली. पडद्यावर दोनदा वाचून पाहिलं. नव्हती. कागद बाहेर आला, त्यावर होती.

"सरका," म्हणत साहेब स्वतः बसले आणि चिमणीने दाणे टिपावेत तसा एका बोटाने सगळा ठराव नव्याने टाइप केला. ऑडिटर गालातल्या गालात हसला. कागद आला आणि त्याचं हसू मावळलं. आता ती ओळ दोनदा होती.

तेवढ्यात चाक कुरकुरलं. सफाईवाल्या मावशी सकाळी सगळ्या खुर्च्या टेबलाशी सरळ लावून गेल्या होत्या. त्यातली एक आता खिडकीकडे तोंड करून होती. बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला.

साहेबांना घाम फुटला होता, पण हट्ट काही सुटला नव्हता. त्यांनी दोन्ही ओळींवर पेनाने काट मारली आणि कागद बाईंपुढे सरकवला. "करा सही. संपवा एकदाचं."

बाईंनी पेन उचललं. खुर्चीकडे बघवत नव्हतं, पण त्याहून मोठी भीती त्यांना दुसऱ्याच गोष्टीची वाटत होती. ही सही झाली, की या टेबलावर तो प्रश्न पुन्हा कुणी विचारणार नाही, आणि पिंपांत खुशाल पाणी भरलं जाईल. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ऑडिटरकडे वळल्या.

"तिप्पट फी, निम्मं काम. हे रास्त आहे, कशावरून?"

आवाज त्यांचाच होता. ऑडिटरने मान खाली घातली.

"बाई, उद्यापासून कामावर येऊ नका!" साहेब कडाडले.

"उद्याचं उद्या. आज चिटणीस मीच आहे." बाईंनी तो कागद टराटरा फाडला, कोरा कागद ओढला आणि हाताने लिहायला घेतलं. सोमवारी सभा झाली नाही. फीचा प्रस्ताव आज, दुपारी तीन पंचवीसला, या खोलीत मांडला गेला. चिटणिसांनी सही करण्यास नकार दिला. उपस्थित...

चाक पुन्हा कुरकुरलं, या खेपेला चांगलं लांबलचक. कुणीतरी खिडकीकडून टेबलाकडे वळावं, इतकं. बाईंनी मुद्दामच वर पाहिलं नाही. त्यांनी लिहिलं, 'तीन'.

ऑडिटर मात्र त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. चेहरा पांढराफटक पडला होता. जन्मभर मोजणीच करत आलेला माणूस तो. त्याने पुन्हा एकदा एकेकावर नजर फिरवून मोजलं.

"बाई," तो कसाबसा म्हणाला, "चौघे लिहा."