निळं की पिवळं

आमच्या पथकात मला सगळे चष्मेवाले म्हणतात. बाजारात माझं चष्म्यांचं दुकान आहे. लोकांना लांबचं नीट दिसावं यावर माझं पोट चालतं, पण डोंगरात मला स्वतःला आजवर एकही हरवलेला माणूस दिसलेला नाही. एकदा मोठ्या उत्साहाने शिट्टी फुंकून सगळ्यांना बोलावलं, तर ती शेळी निघाली. तीही हरवलेली नव्हती.

डोंगरात कुणी हरवलं की आम्ही नारिंगी जाकिटं चढवून शोधायला निघतो. पगार नाही, भत्ता नाही. प्रमुख आहेत दातांचे डॉक्टर. शिवाय एक वायरमन, शाळेतल्या पीटीच्या बाई आणि बँकेतले दोघेजण, जे एकमेकांशी बोलत नाहीत. पूर्वी मीही वर जायचो. मग एका मोहिमेत माझी धाप कमी होईपर्यंत सगळ्या पथकाला खडकावर बसून राहावं लागलं, आणि डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "चष्मेवाले, नातेवाइकांना सांभाळायला तुमच्यासारखा माणूस नाही."

घरी येऊन मी ही बढती बायकोला सांगितली.

"म्हणजे आता तुम्हाला वर नेत नाहीत," ती म्हणाली.

"अगं, जबाबदारीचं काम आहे."

"बरं झालं. गुडघे तरी वाचतील."

तेव्हापासून माझी जागा पायथ्याशी, गाड्या लावायच्या मैदानालगतच्या खोलीत. तिथे एक टेबल, चार खुर्च्या, चहाची किटली आणि वायरलेस. हरवलेल्याच्या घरचे खुर्चीवर बसतात आणि मी त्यांना चहा देत राहतो. पण पूर्वी एक अडचण होती. वरचे लोक वायरलेसवर सगळं उघड बोलायचे, आणि एका म्हाताऱ्या वडिलांना मुलाची बातमी त्या डबड्यातून, खरखरीच्या आवाजात कळली. त्यांचा चेहरा मला पुढे कित्येक दिवस दिसत होता. म्हणून मी खुणेचे शब्द काढले. माणूस जिवंत असेल तर 'निळं', नसेल तर 'पिवळं'. मग खाली बसलेल्याने खोलीचं दार लावायचं, शेजारी बसायचं आणि सावकाश सांगायचं. शब्द कुठेही लिहून ठेवायचे नाहीत, पाठ करायचे, हा नियमही माझाच. त्यावर मी बैठकीत चांगलं लांबलचक भाषण ठोकलं होतं.

आणखी एक नियम असा की, शब्द कानावर पडला तरी चेहऱ्यावरची रेघ हलता कामा नये. याचा मी दुकानातल्या आरशांसमोर सराव केला. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "दाढ दुखतेय का?"

सगळं सुरळीत चाललं होतं. पण मागच्या बैठकीत पीटीच्या बाई म्हणाल्या, "निळं म्हणजे जिवंत, हे उलटंच नाही का वाटत? निळा पडतो तो गारठून गेलेला माणूस. पिवळं म्हणजे ऊन. शब्दांची अदलाबदल करा." यावर जो वाद पेटला तो काही विझेना. मी आधी कडाडून विरोध केला. मग भूक लागली तेव्हा तितकाच कडाडून पाठिंबा दिला. मग चहा करायला आत गेलो. कप घेऊन बाहेर आलो तर विषय दोरांवर गेला होता. शब्द बदलले की नाही, हे मी विचारलं नाही. शब्द काढणारा मी, आणि मीच विचारणार? पुढच्या वेळी कळेलच आपोआप, असं म्हणून मी चहा वाटला.

पुढची वेळ महिन्याभरातच आली.

बाजारामागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत. त्या आणि त्यांचे यजमान डोंगरावर फिरायला गेले होते. परतताना यजमानांना पक्षी बघायचे म्हणून वरच्या वाटेने यायचं होतं, यांचे पाय दुखत होते म्हणून या खालच्या वाटेने आल्या. धुकं उतरलं आणि यजमान आलेच नाहीत. सकाळी पथक वर गेलं आणि बाई माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या. मी दिलेला चहा त्यांनी हातात धरला आणि तसाच गार होऊ दिला.

"काळजी करू नका, ताई," मी म्हणालो.

"सकाळपासून सगळे हेच सांगतायत," त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं होतं ह्यांना, जा तुम्हाला जायचं तिकडे. चिडून म्हटलं होतं, दादा."

मी त्यांच्यासमोर बिस्किटं सरकवली.

दुपार व्हायला आली तेव्हा वायरलेस खरखरला. वायरमनचा आवाज होता. "पायथा, पायथा. पिवळं. पुन्हा सांगतो, पिवळं. स्ट्रेचर घेऊन खाली येतोय. आता घळीत उतरतोय, संपर्क तुटेल."

जुनं पिवळं असेल तर समोरची बाई विधवा झाली होती. नवं पिवळं असेल तर तिचा नवरा जिवंत होता. मी वायरलेस उचलला आणि बाईंना संशय येऊ नये अशा बेताने विचारलं, "वर, वर. पिवळं म्हणजे... आपलं पूर्वीचं पिवळं, की बैठकीनंतरचं?"

खरखर. ते घळीत उतरले होते.

मी मागे वळलो. बाई उभ्या होत्या. मी सरावातला चेहरा केला.

"दादा, पिवळं म्हणजे काय?"

"ती आमची अंतर्गत भाषा असते, ताई."

"चांगलं की वाईट?"

खोटं बोलायला मी तयार होतो, पण कोणतं? चांगलं म्हणावं आणि स्ट्रेचरवरून भलतंच आलं तर? वाईट म्हणावं आणि तासाभराने तो माणूस समोर येऊन उभा राहिला तर? त्यांनी माझ्या तोंडाकडे असं पाहिलं, की त्या म्हाताऱ्या वडिलांची आठवण होऊन मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

मग मी सगळं सांगितलं. निळं, पिवळं, पीटीच्या बाई, अदलाबदल, चहा. सांगताना मलाच ऐकवत नव्हतं. जीव टांगणीला लागलेल्या बाईला मी बैठकीचा वृत्तांत देत होतो.

"तुम्ही विसरलात," त्या म्हणाल्या.

"विसरलो नाही. मी आत होतो."

"आणि नंतर विचारलंही नाहीत?"

"लाज वाटली."

त्या रडतील किंवा माझ्या कानाखाली वाजवतील, असं मला वाटलं. दोन्हीला माझी हरकत नव्हती. पण त्या पुन्हा खाली बसल्या आणि म्हणाल्या, "घळीतून वर आले की कुठे दिसतात?"

"मैदानाच्या टोकाला उभं राहिलं की समोरच्या वळणावर."

"चला मग."

बाहेर ऊन लख्ख होतं. बातमी पसरून गावातली बरीच माणसं मैदानात जमली होती. पथकाची दुर्बीण माझ्या गळ्यात होती. दुर्बीण नातेवाइकांच्या हातात द्यायची नाही, असाही आमचा नियम आहे. बाईंनी हात पुढे केला. मी दुर्बीण काढून दिली. आता नियमांबद्दल बोलायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

वळणावर नारिंगी ठिपके दिसले. मधे स्ट्रेचर होतं. फार हळू येत होते. जिवंत माणसाला आणताना आमचे लोक घाई करतात, हे मला ठाऊक होतं. मी ते बोललो नाही.

"तोंड झाकलंय," बाई म्हणाल्या. "टॉवेल टाकलाय तोंडावर."

मी त्यांचा दंड धरला. दार लावून, शेजारी बसून, सावकाश काय सांगायचं ते मला तोंडपाठ होतं, त्यातला एक शब्दही आठवेना. मी नुसता "ताई, ताई" म्हणत राहिलो.

"गप्प बसा जरा," त्या म्हणाल्या. दुर्बीण डोळ्यांना घट्ट लावलेली. "मागच्या बाजूला, अलीकडच्या कोपऱ्याला कोण आहे? त्याच्या अंगात जाकीट नाही."

"आमचे सगळे जाकिटात असतात."

"चौकड्यांचा शर्ट आहे. मान खाली घातलीय, तोंड दिसत नाही."

स्ट्रेचर वळण उतरून जवळ आलं.

"खिशावरच्या चौकड्या जुळत नाहीयेत," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला. "मीच घाईत शिवला होता. सांगितलं होतं ह्यांना, तो शर्ट बाहेर घालू नका म्हणून!"

दुर्बीण हातात घेऊनच त्या धावत सुटल्या. मीही मागे धावलो, म्हणजे निघालो.

प्रकार असा झाला होता. यजमान शहाण्यासारखे एका कपारीत बसून राहिले होते. त्यांना ओरखडाही नव्हता. त्यांना पाहून आमच्या डॉक्टरांना इतका आनंद झाला, की ते दोन्ही हात वर करून ओरडत धावले आणि घसरले. घोट्याचं हाड मोडलं. बँकेतल्या दोघांपैकी त्या दिवशी एकच आला होता, उचलायला माणूस कमी पडत होता, म्हणून हरवलेल्यानेच एक कोपरा धरला. आणि मैदानात जमलेल्या निम्म्या गावाचे दात डॉक्टरांनी काढलेले असल्यामुळे, असं स्ट्रेचरवर कुणी ओळखू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने तोंडावर टॉवेल ओढून घेतला होता.

मी पोहोचलो तेव्हा बाई नवऱ्यापासून दोन पावलांवर थांबल्या होत्या. पुढे जाववत नव्हतं त्यांना. आणि त्या माणसाचे दोन्ही हात स्ट्रेचरला अडकलेले. सोडावं तर डॉक्टर खाली पडणार. तो बिचारा नुसता बायकोकडे बघत होता.

"अहो, माझा कोपरा कुणीतरी धरा!" तो शेवटी ओरडला.

मी धरला. डॉक्टर भलतेच जड होते.

"कोण आलं?" टॉवेलखालून आवाज आला.

"चष्मेवाले."

"बाईंना नीट सांगितलंत ना? मधे उगाच घोर नको त्यांच्या जिवाला."

मी कोपऱ्यावरची पकड बदलली. बाई आता नवऱ्याच्या छातीवर डोकं टेकून हुंदके देत होत्या, आणि मधेमधे पथकाची दुर्बीण त्याच्या पाठीत हाणत होत्या. दुर्बीण नाजूक असते. मी डोळे पुसायला हात मोकळा नाही म्हणून तसाच उभा राहिलो, आणि त्यांना हाणू दिलं.