कपाळावरचा हात

मनस्वी रोह्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये अँटिबॉडीवर संशोधन करायची. शरीरात कुठे काही बिघडलं, की पेशी सायटोकाइन नावाच्या प्रथिनांकरवी निरोप धाडतात: सूज आण, ताप आण. संधिवातात हे निरोप उगीचच सुटत राहतात. तिची अँटिबॉडी ते वाटेतच अडवायची.

तसल्याच एका औषधाची इंजेक्शनं पेणच्या डॉक्टरांनी तिच्या बाबांना सुरू केली होती. आखडलेली बोटं सुटली, तसा तो मुलखाचा हट्टी माणूस पुन्हा मिठागरात उतरला. तिथेच पायाला शिंप लागून जखम झाली.

"जरा गळाल्यासारखं वाटतंय," बाबा फोनवर म्हणाले. घरात ते एकटेच. मनस्वीने शेजारच्या पुतळीकाकीला बोलावून घ्यायला लावलं आणि कुणाच्याही लेकीने विचारावं तसं विचारलं, "काकी, ताप आहे का?"

काकीने बाबांच्या कपाळावर हात ठेवला. "नाय गो. अंग थंडगार हाय."

मनस्वी निर्धास्त होऊन कामाला लागली. ताप येणारच नव्हता. तो येऊ कसा द्यायचा नाही, हेच तर ती इतकी वर्षं शिकली होती. पायातलं विष गुपचूप रक्तात भिनलं आणि बाबा गेले.

दिवसकार्य आटोपून ती रोह्याच्या खोलीवर परतली, त्या संध्याकाळी तिला कणकण वाटली. ताप बघावा म्हणून तिने स्वतःच्याच कपाळावर हात ठेवला. हातही तेवढाच तापलेला. काही म्हणता काही कळेना.