पन्नासावं बटण

माझ्या ताईकडे एक स्वेटर आहे, एकाच बाहीचा. पंधरा वर्षांपूर्वी मी तो तिच्यासाठी विणायला घेतला आणि नेहमीप्रमाणे मध्येच सोडला. दुसरी कुणी असती तर तिनं तो माळ्यावर टाकला असता. आमची ताई कसली टाकतेय! घरात चार माणसं जमली की ती तो मुद्दाम घालून येते आणि उघडा हात हलवत म्हणते, "आमच्या धाकटीनं विणलाय बरं का!" मग पोहणं, गिटार, टायपिंग, मी अर्ध्यावर सोडलेल्या सगळ्या गोष्टींची उजळणी होते. घरात माझं नावच 'अर्धी' पडलंय.

गेल्या वर्षी असाच तो हात हलला आणि माझं डोकं फिरलं. "मी एकवीस किलोमीटर धावणार आहे!" मी ओरडले. कुठून तोंडात आलं कोण जाणे. त्या दिवशी दुकानात एका मुलीची धावायची पँट लहान करायला आली होती आणि तिच्या खिशात शर्यतीचं पत्रक निघालं होतं, एवढाच माझा धावण्याशी संबंध. वय सेहेचाळीस, धंदा शिवणकामाचा. पंचवीस वर्षं बूड खुर्चीत आणि पाय मशीनवर.

"हाफ मॅरेथॉन ना? अर्धीला अर्धीच शोभते," ताई म्हणाली. "पुरी केलीस तर हा स्वेटर जन्मात घालणार नाही. सोडलीस तर तुझ्या लेकीच्या लग्नात घालीन!"

सगळे हसले. मीही हसले, पण खरं सांगते, फार लागलं मला. एक तरी गोष्ट तडीस न्यायचीच, असं मी त्याच क्षणी ठरवलं.

आता धावायचं तर अंतर मोजायला हवं. दुकानासमोरच्या बागेला गोल वाट आहे. मी गळ्यातली टेप काढली आणि सगळी वाट रांगत मोजली. नवरा मागून खडूनं खुणा करत होता. कानातलं हरवलं का, असं तिघांनी विचारलं. चारशे मीटर भरली, बरोब्बर. नवरा पोस्टात आहे, चालणं हाच त्याचा धंदा. तो फोन घेऊन एक फेरी मारून आला. "फोन चारशे तेवीस म्हणतोय गं."

"फोनला काय कळतंय? त्यानं कधी बाही कापलीय का?" विषय तिथंच संपला. पंचवीस वर्षं त्या टेपनं आमचं पोट भरलंय, तिच्यावर संशय घ्यायचा म्हणजे काय!

पहिल्या दिवशी अर्धीच फेरी झाली. "नावाला जागलीस," नवरा म्हणाला. पण दुसऱ्या दिवशीही तो बाकावर येऊन बसला, दोन डबे घेऊन. माझी फेरी झाली की एका डब्यातलं बटण दुसऱ्यात. महिन्याभरात पाच बटणं झाली, मग बारा, मग तीस! अहाहा, काय सांगू! जिना चढताना धाप लागेना. मशीनवर बसून मी शीळ घालायला लागले. गिऱ्हाइकाशी भांडतानासुद्धा दम पुरायला लागला. एकदा तर वाटेतल्या कुत्र्याला मी मागे टाकलं. म्हातारं होतं बिचारं, पण टाकलं ना!

आणि मग गाडी अडली ती पन्नासाव्या बटणावर. पन्नास फेऱ्या म्हणजे वीस किलोमीटर. ते बटण डब्यात पडलं की पाय जे संप पुकारायचे ते पुकारायचेच. तीन रविवार ओळीनं हेच. शर्यत एकवीस किलोमीटर सत्त्याण्णव मीटर. वरचे हजारभर मीटर आणू कुठून?

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, ताईला फोन करा. पाय मुरगळलाय म्हणून सांगा." तो माझ्या मोज्यांची घडी घालत राहिला. माझं मलाच रडू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात दारात सुतार उभा. मी शिवलेली नवी पँट घालून, बुटांवर कापडाच्या चुण्या पडलेल्या. "वहिनी, ही पँट माझी की माझ्या थोरल्या भावाची?"

"चिठ्ठीत लांबी चाळीस इंच तुम्हीच लिहून पाठवलीत!"

"चाळीसच लिहिलं. मी स्वतः मोजलंय." त्यानं कमरेला अडकवलेली पोलादी टेप सर्रकन ओढली. पँट बेचाळीसच्या वर भरली. माझ्या टेपनं मोजली, बरोब्बर चाळीस. "तुमची टेप खोटी!" "तुमची खोटी!" असं बराच वेळ चाललं. शेवटी नवऱ्यानं दोन्ही टेपा टेबलावर शेजारी शेजारी अंथरल्या. माझी टेप साठ इंचांत साडेतीन इंच जास्त लांब होती. ताणून ताणून सैल झाली होती बया! गिऱ्हाइकाचं माप तिनंच घ्यायचं, कापडही तिनंच मोजून कापायचं, म्हणून इतक्या वर्षांत कुणाला पत्ता नाही. सुतारानं माप आपल्या टेपनं घेतलं आणि बिंग फुटलं.

मी कपाळाला हात लावला. नवरा मात्र खडूनं टेबलावरच गुणाकार करत होता. "चारशे तेवीस गुणिले पन्नास," तो पुटपुटला, आणि एकदम वर बघून हसायला लागला. "अगं वेडे! एकवीस हजार दीडशे! तू तीनदा पुरी केलीयेस!"

मी किंकाळी मारली. सुताराचे दोन्ही हात धरून दुकानभर नाचले. "माझी पँट?" तो घाबरून म्हणाला. "पँट कसली, पुरावा आहे तो!" म्हणाले मी, आणि लगेच कापून, दुमडून, इस्त्री करून दिली.

दुसऱ्या दिवशी मी धावले, टेप गळ्यात घालूनच. विसाव्या किलोमीटरच्या पाटीशी पायांनी पुन्हा रडगाणं सुरू केलं. "गप्प बसा, खोटारड्यांनो!" मी मोठ्यानं ओरडले, "तीनदा आलाय तुम्ही पुढं!" बाजूचा पोलीस दचकला. पाय मुकाट्यानं चालू लागले.

शेवटच्या वळणावर ताई दिसली. स्वेटर घालूनच आली होती, मेली! पण तो उघडा हात वर करून ती किंचाळत होती, "ये गं! थांबू नकोस! ये, ये!" घसा बसला होता तिचा, आणि रडत होती. रेघ ओलांडून मी थेट तिच्यावरच कोसळले.

"हरले बाई," म्हणत ती स्वेटर काढायला लागली.

"राहू दे, गारठशील. दुसरी बाही करते मी. हात पुढे कर." मी गळ्यातली टेप काढली.

"नवी टेप आणून देऊ?" नवऱ्यानं विचारलं.

"नको. हिनंच मोजणार, हिच्याच मापानं विणणार. बरोब्बर बसेल."

"नाही बसली तरी चालेल गं," ताई म्हणाली. "तू पुरी कर."

तिनं हात पुढे केला. पंधरा वर्षं चारचौघांत हलवलेला तो हात चांगलाच गार पडला होता.