आसावरचा शेंदूर

"पाणी लागलं!" विहिरीच्या तळातून उकंडाचा आवाज आला आणि काठावर एकच गलका झाला. सुरुंगाचा परवाना बुलढाण्याच्या गोऱ्या साहेबानं दिलाच नव्हता. अमडापूरच्या शिवारातली ही विहीर पहारीनंच फोडलेली, एकेक दगड रहाटानं वर ओढलेला.

उकंडाची बायको झुंबर भाकरी घेऊन आली होती. लेकरू कडेवर घेऊन ती पाणी बघायला पुढं सरकली, अन् नजर अडकली रहाटाच्या लोखंडी आसावर. दसऱ्याला तिनंच त्याच्यावर शेंदराचा पट्टा ओढला होता, मुठीपासून दोर गुंडाळायच्या लाकडी लाटेपर्यंत, अगदी सरळ. आता तो खोडावर वेल चढावी तसा आसाभोवती फिरला होता.

खाली उकंडा रहाटाच्या दोराला बांधलेल्या टोपल्यात बसला. पाणी चढतच होतं. विहिरीचे मालक किसनराव मुठीला हात घालत होते.

"थांबा मालक! आस पिळला."

"तूच वाकडा ओढला असशीन शेंदूर. तिकडं पाणी चढून राह्यलं, अन् तुले हे सुचते?"

"सरळच ओढला होता म्या. सोडा ती मूठ!" तिनं मोकळ्या हातानं मूठ धरली. लेकरू रडायला लागलं.

पहारींना धार लावायला आलेले फकीर मोहम्मद लोहार भाता सोडून उठले. त्यांनी आसावरून नख फिरवलं. एका जागी ते अडकलं. त्यांचा चेहरा उतरला. आस त्यांनीच बसवला होता.

"हात काढा किसनराव. लोखंड एकदम नाई तुटत. वझं आलं का पिळते, उतरलं का सुटते, असं रोज होता होता फाटत जाते. चीर पडली हो."

शेजारच्या वावरातून मोटेचा नाडा, तो जाड दोर, आणला. बाभळीला वेढा देऊन त्याचं टोक खाली सोडलं, उकंडानं ते कमरेला बांधलं, अन् सगळे ओढू लागले. अर्ध्यावर उकंडाचा पाय कपारीतून निसटला, तो दगडावर आदळला, नाडा करकरला.

"धरून ठेवा हो!" झुंबरला स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

आधी ओलं पागोटं दिसलं, मग खरचटलेला खांदा. काठावर बसून उकंडा कुडकुडत म्हणाला, "माही पहार खालीच राह्यली. नाडा हाये तं घेऊन येतो."

झुंबरनं लेकरू त्याच्या भिजलेल्या मांडीवर ठेवलं.

"जा आता," ती म्हणाली.

लेकरानं बापाची मिशी मुठीत धरली. उकंडा बसूनच राहिला.