न पडल्याबद्दल माफी

आमच्या ‘नामिक्को’ या नाच-गाण्याच्या गटात कोनात्सु आली तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि शाळेच्या जिम्नॅस्टिक्स संघातली सगळ्यात भरवशाची पोरगी होती. वीतभरही रुंद नसलेल्या लाकडी पट्टीवर ती कोलांट्या मारायची. आमचे मालक कुरोमिया यांनी तिचं गाणं ऐकलं, नाच पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

“सगळं चांगलं करतेस. हीच अडचण आहे.”

कुरोमियासाहेब आधी न्हाणीघराचे टब विकायचे. गिऱ्हाइकाला वस्तूचं कौतुक वाटून भागत नाही, तिची काळजी वाटायला हवी, हे आपण त्या धंद्यात शिकलो असं ते सांगत. टबाची काळजी कोण करत होतं ते आम्ही कधी विचारलं नाही. त्यांनी आम्हा पाच जणींना रंगांबरोबर स्वभावही वाटून दिले होते. मी त्सुबाकी, माझ्या वाट्याला पिवळा रंग आणि खादाड स्वभाव आला. एरवी मला सकाळी नुसता चहा पुरतो, पण स्टेजवर दोन गाण्यांच्या मध्ये मला भाताचा गोळा खावा लागे. ‘धांदरट’ ही जागा मात्र रिकामी होती. आधीची मुलगी खरोखरच धांदरट निघाली आणि जिन्यावरून पडून पाय मोडून घेऊन घरी बसली.

“तू पडायचंस,” साहेब कोनात्सुला म्हणाले. “दर कार्यक्रमात, दुसऱ्या कडव्यानंतर.”

“कशी पडू?”

“आपसूक.”

कोनात्सुने हे काम मन लावून केलं. शाळा सुटली की ती आमच्या तालमीच्या खोलीत गादी टाकून पडत बसे. कधी पायात पाय अडकून, कधी वळताना तोल जाऊन. शिवाय उठल्यावर जीभ चावायची, तीही वेळेवर. गाण्याची तालीम तेवढी लागत नसे, कारण आमचे माइक बंदच असत. आवाज आधीच भरून ठेवलेला वाजे.

आमच्या योनागो शहरात तिचं नाव व्हायला वेळ लागला नाही. तिच्या आईचा फोन आला.

“अगं, तुला चक्कर येते का? शेजारीण सांगत होती, दर रविवारी पडतेस म्हणून.”

“आई, ते काम आहे माझं.”

“पडणं?”

“हो.”

“मग नीट पड बाई. गुडघे सांभाळ.”

तिच्या चाहत्यांत पहिला मान एगाशिरा-सानचा. खेकड्यांच्या कारखान्यात डबे भरणारा पन्नाशीचा माणूस. कार्यक्रमानंतर तिच्याबरोबर फोटो काढायच्या रांगेत तो नेहमी पुढे असे आणि दर वेळी जखमेवर लावायच्या पट्ट्यांचं पाकीट देई. त्याचं पाहून बाकीचेही देऊ लागले. एकदा तिचे शाळेतले प्रशिक्षक येऊन गेले. जाताना तिच्या कानात म्हणाले, “पडताना पायाची बोटं ताणतेस. सुरेख दिसतं, पण पडणारी माणसं तसं करत नाहीत.”

मग उन्हाळ्यात बंदरावरच्या जत्रेत आमचा कार्यक्रम झाला. स्टेजच्या मागे मासळीचा बर्फ वितळत होता आणि त्याचं पाणी फळ्यांवर आलं होतं. दुसऱ्या कडव्यात माझा पाय सटकला. मी पाठमोरी स्टेजच्या कडेवरून खाली जात होते, खाली सिमेंट होतं. कोनात्सु पलीकडच्या टोकाला होती. तिने हात टेकून एक गिरकी घेतली, माझी कंबर धरली, मला सरळ उभं केलं आणि तालावर आपल्या जागी परत गेली. मला आधी कळलंच नाही काय झालं ते. कळलं तेव्हा गाणं पुढच्या कडव्यावर गेलं होतं.

गाणं संपलं. कोनात्सु पडायची राहून गेली.

त्याच संध्याकाळी इंटरनेटवर गदारोळ सुरू झाला. तिची गिरकी पाहून कुणी तिच्या सगळ्या पडण्यांचे व्हिडिओ सावकाश चालवून ताणलेली बोटं दाखवली. ‘मी हिच्यासाठी रडलो होतो,’ असं कितीतरी जणांनी लिहिलं. मला लागलं का, हे कुणी विचारलं नाही. एकाने मात्र लिहिलं, की पिवळीला पडू दिलं असतं तर निदान कुणीतरी प्रामाणिकपणे पडलं असतं.

साहेबांनी माफीचा कार्यक्रम ठेवला. काळा पोशाख, पांढरी कॉलर, साहेबांनीच लिहिलेला मजकूर. त्या दिवशी पहिल्यांदाच कोनात्सुचा माइक खरोखर चालू होता. ती बोलायला लागली आणि लोक चमकले. गाण्यातला किनरा आवाज तिचा नव्हताच. हा भरदार होता, बंदरावर हाका मारणाऱ्या बायकांसारखा.

तिने कागद घडी करून ठेवला.

“त्या दिवशी मी पडले नाही, कारण त्सुबाकीताई पडत होती. पुन्हा तसं झालं तर मी पुन्हा पडणार नाही. त्याबद्दल आत्ताच माफी मागून ठेवते.” आणि ती कमरेत वाकली.

मग एगाशिरा-सान उठला.

“आधीच्यांपैकी एखादं तरी खरं होतं का?”

कोनात्सुने प्रामाणिकपणे विचार केला. “एक होतं. मार्चमध्ये, गालिच्यांच्या दुकानातल्या कार्यक्रमात. बुटाची नाडी सुटली होती.”

“मी होतो तिथे,” एगाशिरा-सान म्हणाला आणि रुमालात तोंड लपवून रडला. त्या दुकानात तेव्हा दहा-बारा माणसं असतील. पण माफीच्या सभेतून बाहेर पडताना निम्मं सभागृह ‘मीही होतो तिथे’ म्हणत होतं.

तिकिटं इतकी खपली की साहेबांनी माफी महिन्यातून एकदा ठेवली. मला भूक नसते याची मी माफी मागितली. लोकांनी ती डोळे पुसत स्वीकारली. कोनात्सुची पाळी परत आली तेव्हा ती म्हणाली, “माझ्याकडे माफीचं काही उरलं नाही. एक गाणं माइक चालू ठेवून म्हणू द्या.”

“आवाज कुणाला हवाय?” साहेबांनी विचारलं. तेवढ्यासाठी तिने सलग दोन आठवडे तालमीला यायचं बंद केलं. शेवटी साहेब वैतागून हो म्हणाले.

हिवाळ्यात एका दुकानाच्या पाचव्या मजल्यावर तिने ते गाणं म्हटलं. वरच्या सुराला ती जरा उतरली. काही लोक मधूनच उठून गेले. राहिलेल्यांनी नेहमीच्या आरोळ्या मारल्या नाहीत, कारण त्यांना ऐकायचं होतं, आणि ऐकताना हातात धरून नाचवायच्या दिव्यांचं काय करायचं हे त्यांना सुचत नव्हतं. मी मागे उभी राहून तिच्या मानेच्या शिरा बघत होते. इतके महिने शेजारी नाचूनही मी तिला कधी ऐकलंच नव्हतं.

नंतर फोटोच्या रांगेत एगाशिरा-सान रिकाम्या हाताने उभा होता.

“घसा दुखला का?” त्याने विचारलं.

“दुखला,” कोनात्सु म्हणाली आणि इतकी हसली की फोटो हलला.

आता ती दर कार्यक्रमात एक गाणं खरं म्हणते. तो आवाज आपणच शोधला, असं कुरोमियासाहेब भेटेल त्याला सांगत असतात.