ब्रेकवरचं तेल

माझा राग काष्टीत सगळ्यांना ठाऊक आहे. बाजारात मला बघितलं की भाजीवाला तराजू सरळ धरतो. पण त्या शनिवारी मी जो भडकलो त्याची मला अजून लाज वाटते, आणि लाज वाटली की पुन्हा स्वतःवरच भडकायला होतं.

गावाबाहेर, रस्त्याला लागून आमच्या शेठनं बाग काढली आहे. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, आणि मधोमध लाकडी रुळांचा रोलर कोस्टर. साखळी गाडीला उंचावर ओढून नेते, तिथून ती आपल्याच वजनानं सुटते आणि दोन वळणं घेऊन परत फलाटावर येते. सांगाडा लाकडाचा, रूळ लाकडी फळ्यांचे, वर फक्त लोखंडी पट्टी. लाकूड उन्हानं आकसतं, पावसानं फुगतं आणि बोल्ट ढिले पडतात. म्हणून रोज सकाळी कुणीतरी सगळा रूळ चालून हातोडीनं बोल्ट वाजवायचे आणि कुणीतरी मागून ग्रीस लावत यायचं. बोल्ट वाजवणारा मी, कानिफनाथ मिस्त्री. ग्रीस लावणारा नोहा.

आमचा नियम एकच. वळण ओलं, ब्रेक कोरडा. वळणावर चाकं कडेला घासतात, तिथं ग्रीस नसेल तर लाकूड सोलून निघतं. फलाटापाशी मात्र ब्रेकचे दोन लांब लोखंडी जबडे आहेत. ते गाडीच्या पोटाखालची पट्टी चावून धरतात. त्यांना तेल लागलं की पकड गेलीच.

मी सकाळी आधी ब्रेक बघायचो, मग वर चढायचो. माझी पद्धत. त्यात कुणी बोललेलं मला चालायचं नाही.

दिवाळीनंतर दोन शनिवार गाडी फलाटावर हात-दोन हात पुढं जाऊन थांबली. मी नोहाला दम दिला, "ग्रीसचं फडकं गळतंय तुझं. ब्रेकवरून जाताना हातात धरत जा." तो म्हणाला, "मिस्त्री, मी ब्रेकवरनं जातच न्हाई." मी ऐकलं नाही.

तिसऱ्या शनिवारी मिरजगावची शाळेची सहल आली. सकाळची रिकामी फेरी नीट थांबली होती, पण भरलेली गाडी जड. मी ब्रेकचा दांडा ओढला, जबडे मिटले आणि लोण्यातून सुरी जावी तशी गाडी त्यांच्यातून निघून गेली आणि पुढच्या चढाला लागून हिसक्यानं थांबली. संस्कृती नावाची चौथीतली पोर, फलाट आला म्हणून पट्टा सोडून उभी राहिली होती. ती तोंडावर आपटली. हनुवटीला सहा टाके. नशीब म्हणायचं, दुसरं काय?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलं रडतायत, मास्तर ओरडतायत, आणि मी सगळ्यांसमोर नोहाची गचांडी धरली. ग्रीसचा डबा लाथेनं उडवला. "पोरीचा जीव घेतला असतास! चालता हो!"

नोहा वयानं माझ्याएवढा, चाळिशीतला. त्यानं माझा हात गचांडीवरून सोडवला. मग त्यानं जबड्यावरून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. "वास घ्या मिस्त्री. ह्यो ग्रीसचा वास न्हाई."

मी त्याचा हात झटकला. त्यानं फडकं घडी करून फलाटावर ठेवलं आणि निघून गेला. शेठ म्हणाले, बरं केलंत मिस्त्री. मला तेव्हा ते ऐकून बरं वाटलं, हे सांगायलाच हवं.

पुढच्या शनिवारी नोहा नव्हता. दोघांचं काम एकट्यावर, म्हणून आधी वर चढलो. बोल्ट वाजवले, वळणांना ग्रीस लावलं, आणि ब्रेकचं काम शेवटी ठेवलं. आदल्या संध्याकाळी ते जबडे मी स्वतः रॉकेलनं पुसले होते. खाली येऊन बघतो तर चकाकतायत. ओले.

आता मात्र मी बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. गोडेतेल. आणि फटीत दोन काळे उडदाचे दाणे.

फलाटाच्या पायऱ्यांशी माझी बायको रुपाली उभी होती. बागेच्या दारात तिची वड्याची गाडी आहे, सकाळी ती माझ्याबरोबरच येते. तिच्या हातात रिकामी बाटली होती.

"तू?"

"शनिदेवाला अकरा शनिवार बोललीय मी," ती म्हणाली. "दसऱ्याला तुमी वरनं पडलात, खांदा निखळला. रोज चढता तवा माझा जीव टांगणीला असतो. शनिवारी लोखंडाला तेल घालत्यात. तुमी वर चढलात की मी ह्या लोखंडाला घातलं."

"अगं, पण ब्रेकला?"

"थांबवनारं तेच ना? मग त्यालाच घालनार."

मी ओरडायला तोंड उघडलं. शनिवारचा उपास मीही धरतो. पडलो त्या दिवसानंतर पंधरा दिवस ती धड जेवली नव्हती, हे मला माहीत होतं. तरी मी ओरडलोच, "पोरीची हनुवटी फुटली, तवा का न्हाई बोललीस?"

"तुमीच म्हनलात ना, नोहाच्या ग्रीसनं झालं! तुमी म्हनलात म्हंजे तसंच असनार. तुमच्याम्होरं बोलायची सोय हाय का कुनाला?"

ते वाक्य मला त्या डब्याला मारलेल्या लाथेसारखं लागलं. जबडे पुन्हा पुसून कोरडे केले आणि गाडी दिवसभर बंद ठेवली. शेठना खरं ते सगळं सांगितलं, आणि दुपारी आम्ही नवरा-बायको नोहाच्या घरी गेलो.

तो ओट्यावर बसला होता. रुपालीनं हात जोडले. तो तिला म्हणाला, "वहिनी, तुमच्यावर माझा राग न्हाई. तुमाला म्हाईत नव्हतं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्यांना मी बोट दाखवलं हुतं."

"चुकलं माझं. उद्यापास्नं ये कामावर."

"काढलं सगळ्यांसमोर, आन् माफी ओट्यावर व्हय?" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माझी पोरगी एंजल त्या दिवशी रांगेत उभी हुती, मिस्त्री. तिनं बघितलं."

ते मला माहीत नव्हतं.

रविवारी अकरा वाजता बाग गच्च भरली होती. मी तिकिटाच्या खिडकीतला माईक घेतला. म्हणालो, "कालचा सोडून मागच्या शनिवारी मी ह्या फलाटावर नोहाची गचांडी धरली. तेल त्यानं सांडलं नव्हतं. माझ्याच घरातनं आलं हुतं. त्यानं मला वास घ्यायला सांगितलं आन् मी घेतला न्हाई. चूक माझी हाय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं झालं. चर्चमधून तसाच आलेला नोहा पांढऱ्या शर्टात पायऱ्या चढला. मागे एंजल, तिच्या शेजारी रुपाली. तो सरळ ब्रेकपाशी गेला. गुडघ्यावर बसला, जबड्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं, उठला आणि ते बोट माझ्या नाकाखाली धरलं. भरल्या रांगेसमोर.

"घ्या वास."

मी घेतला.

"कसला येतोय?"

"कसलाच न्हाई."

"मग सोडा गाडी," नोहा म्हणाला आणि एंजलला घेऊन पहिल्या बाकावर बसला.