मी भाता नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे. पाळणा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे दोऱ्या, कड्या आणि झोके आले असतील. तसला मी नाही. मला कुणी टांगत नाही, हलवत नाही. मी बायसनच्या, म्हणजे अमेरिकेतल्या रानगव्याच्या, कच्च्या कातड्याचा आहे. नळीसारखा, ताठ, वर रुंद आणि खाली निमुळता. पुढून उघडा, आणि बुटाला असतात तशी दोन्ही कडांना भोकं. तान्ह्या बाळाला आत निजवायचं आणि भोकांतल्या वाद्या ओढून घ्यायच्या. कोमांची या अमेरिकेतल्या मूळ लोकांच्या आया मला रात्री वापरत.

हे सगळं आधीच सांगून टाकलं, कारण शंभरेक वर्षं मी काचेच्या पेटीत होतो आणि माझ्या पायाशी पाटी होती, 'कोमांची योद्ध्याचा बाणांचा भाता'. मला तर बोलता येत नाही. येणारे-जाणारे पाटी वाचत आणि माझ्याकडे बघून डोळे बारीक करत. शाळेची मुलं दोन बोटांचं धनुष्य करून एकमेकांवर बाण सोडत. माझ्या एका बाजूला भाला होता, दुसऱ्या बाजूला कुऱ्हाड. त्यांचंही माझ्याशी पटायचं नाही. कुठे पळणार? पेटीला कुलूप होतं.

माझा जन्म टेक्ससच्या माळावरचा. ज्या बाईने मला केलं तिचं नाव मी घेणार नाही, आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. तिला तेव्हा सातवा महिना होता. तिने ओलं कातडं जमिनीवर ताणून चारी बाजूंनी खुंट्या ठोकल्या, हाडाच्या तासणीने केस काढले, आणि वाकताना दर वेळी कमरेवर हात ठेवून ती स्वतःशीच पुटपुटे. आतून तिने सशाची मऊ कातडी लावली, तळाशी वाळवलेलं शेवाळ भरलं. बाळाची शू त्या शेवाळात जिरायची. सगळी जिरायची नाही. माझ्या तळाशी एक पिवळा डाग पडला आणि वरच्या कडेला दुधाच्या गुळण्यांचा दुसरा. तेव्हा मला त्यांची लाज वाटायची.

रात्री ती मला आपल्या आणि नवऱ्याच्या मध्ये ठेवी. तो दिवसभर घोड्यावरून दमून आलेला, झोपला की ओंडका. झोपेत त्याचा हात किंवा खांदा माझ्यावर पडायचा. मी ताठ राहायचो. आत बाळ सुखाने ओठ चोखत पडलेलं असायचं. माझं काम एवढंच होतं, पण ते मी एकदाही चुकवलं नाही.

बाहेर मात्र दिवस वाईट होते. गोऱ्या वसाहतवाल्यांनी आमच्या कुरणांत घरं बांधली, गुरं आणली, बायसनचे कळप कातड्यासाठी मारून मांस उन्हात सडत टाकलं. आमचे तरुण चिडून त्यांच्या घरांवर चालून जात. घोडे पळवत, घरं जाळत, माणसं मारत, कधी पोरंही उचलून आणत. मग तिकडून सैनिक येत. तान्ह्या बाळाला यातलं काही ठाऊक नसतं आणि पाळण्याला कुणी विचारत नाही.

एके दिवशी सैनिक दरीत उतरले तेव्हा माझ्या बाईने वाद्या सोडायलाही वेळ घेतला नाही. सुरीने कापल्या, बाळाला छातीशी घेतलं आणि ती खडकांमधून वर पळत सुटली. तिच्या पाठीचा ठिपका झाला तेवढं मी पाहिलं. मागे तंबू जळत होते. एका सैनिकाने जमिनीवर पडलेले मूठभर बाण उचलले. न्यायला काही हवं म्हणून मला उचललं आणि माझ्यात खुपसले. तिथून मी भाता झालो.

त्याच्या घरी त्याची बायको हॅना होती. त्याने बाण काढून मला भिंतीवर टांगायला खिळा शोधला. तेवढ्यात हॅनाने मला हातात घेतलं, आत हात घातला, सशाच्या कातडीवरून बोटं फिरवली आणि ती खाली बसली. तिचा पाच वर्षांचा मुलगा आमच्याच घोडेस्वारांनी नेला होता. तो परत आला नव्हता. तिला कळलं, मित्रांनो. हाताच्या एका स्पर्शात कळलं.

नवऱ्याने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "भिंतीवर नको."

तिने मला पेटाऱ्यात तळाशी ठेवलं आणि झाकण लावलं. मला जाळणंही तिच्याने झालं नाही आणि बघणंही. ती गेल्यावर नातवंडांनी पेटारा उघडला, आजोबांची बाणांची गोष्ट सांगत मला व्हर्जिनियातल्या एका लहानशा संग्रहालयाला दिलं. गोष्टीवरून पाटी रंगवली गेली.

आता अलीकडचं सांगतो. संग्रहालयाचं हत्यारांचं दालन बंद करायचं ठरलं. लोकांना आता हत्यारं बघायला आवडत नाहीत, असं संग्रहालय सांभाळणाऱ्या बाई, म्हणजे मिसेस डेल्टन, कुणाला तरी माझ्यासमोरच सांगत होत्या. आम्हा सगळ्यांना खोक्यांत भरून तळघरात ठेवणार होते. मी हबकलो. काचेतून निदान माणसं तरी दिसायची. तळघरात कुणाची नजर पडणार? भाता म्हणून गेलो की भाता म्हणूनच संपणार.

त्याच आठवड्यात जवळच्या अ‍ॅशबर्नहून एक मराठी कुटुंब आलं. शंतनू, त्याची बायको रुचा, सहा वर्षांची इला आणि पाच महिन्यांचा बाळ्या. बाळ्याने दालनात शिरताच असा टाहो फोडला की भाल्यालाही कापरं भरावं.

"त्याला झोप आलीय," रुचा म्हणाली. "धर बॅग."

माझ्यासमोरच्या बाकावर तिने नागपूरहून आलेलं जुनं मऊ दुपटं पसरलं, बाळ्याचे हात अंगाशी घेतले आणि त्याला करकचून गुंडाळलं. बाळ्या गप्प. नुसते डोळे तेवढे लुकलुक.

"बाबा, बाळ्या लुक्स लाइक अ बरीटो," इला म्हणाली. बरीटो म्हणजे सारण भरून गुंडाळलेली पोळी. मग तिने काचेला नाक लावलं. "आई! धिस वन इज ऑल्सो अ बरीटो!"

"इला, काचेला हात नको. ते बाणांचं आहे, वाच ना."

"आय कॅन रीड. बट इथे कुणीतरी शू केलीय."

शंतनू हसत सुटला. "यार, हिचं काहीतरीच!"

रुचा हसली नाही. बाळ्याला खांद्यावर घेऊन ती वाकली. तिने तळाचा डाग पाहिला. वरच्या कडेचा पाहिला. कापलेल्या वाद्या, भोकं. मग बाळ्याला दुपट्यासकट काचेजवळ आडवं धरलं. डोकं वर, पाय निमुळत्या टोकाकडे. नेमका मावला असता.

"शंतनू, हा भाता नाहीये."

"तुला हल्ली सगळीकडे बाळच दिसतं."

"दिसणारच. धुणं कोण करतं? बाण दूध ओकतात का? आणि बाणांना पुढून लेस कशाला लागेल?"

"बरं, मग इतकं कडक का केलंय? बाळाला मऊ नको?"

रुचाने बाळ्याला पुन्हा खांद्यावर घेतलं. "रात्री तो आपल्या मध्ये झोपतो, तेव्हा मी तुला किती वेळा 'सरक, सरक' म्हणून उठवते?"

शंतनूने माझ्याकडे पुन्हा पाहिलं. या वेळी त्याचं हसू मावळलं होतं.

इतकी वर्षं ज्यांनी मला तपासलं, ते सगळे शिकलेले, भले लोक होते. पण त्यांच्या घरी बाळ जन्मल्या दिवसापासून निराळ्या खोलीत निराळ्या पलंगावर निजे. रात्री बाळाला आईबापापासूनच जपावं लागतं, हे त्यांच्या मनात येणार कुठून?

रुचाने मिसेस डेल्टनना गाठलं. त्या आधी कानकोंड्या झाल्या, मग त्यांनी विजेरी आणून डाग पाहिले. रुचा म्हणाली, "मला पक्कं माहीत नाही हां. ज्यांचं आहे त्यांनाच विचारा ना." मिसेस डेल्टननी ओक्लाहोमात, जिथे आता कोमांची लोक राहतात तिथे, फोन केला. माझं खोकं तेवढं रिकामं राहिलं.

पुढच्या महिन्यात लोरीन नावाच्या आजी आल्या, सोबत त्यांची नात, तिचं नाव केली. केलीला सातवा महिना होता. आजींनी मला बघितलं आणि विचारलं, "याला भाता कोण म्हणालं?"

"आमची पाटी," मिसेस डेल्टन म्हणाल्या. "चूक आमची."

"चूक कसली," आजी म्हणाल्या, "माझा नवरा यात मावला नसता म्हणून बरं, नाहीतर मी त्यालाच यात बांधून ठेवला असता. काय लोळायचा रात्री!" केली हसता हसता रडायला लागली. आजींनी काचेवर तळवा ठेवला आणि त्या आमच्या भाषेत माझ्याशी बोलल्या. इतक्या वर्षांनी ती भाषा माझ्या कानांवर पडली. अर्थ विचारू नका. तो माझा मला राहू द्या.

संग्रहालयाने मला परत द्यायचं कबूल केलं. केलीच्या मनात होतं, पहिली रात्र आपलं बाळ माझ्यातच निजेल. माझ्या मनात दुसरं काय असणार?

पण परत देण्यापूर्वी मला तपासणीला पाठवलं आणि मिसेस डेल्टन पडल्या चेहऱ्याने परत आल्या. जुन्या काळी कातड्याला कसर लागू नये म्हणून वस्तूंवर विषारी पूड चोळत. माझ्यावरही चोळली होती. ते विष आता माझ्यात भिनलंय, निघत नाही. मला हात लावायचा तर हातमोजे घालून. तान्हं बाळ तर कधीच नाही.

केलीने ऐकलं आणि ती पोटावर हात ठेवून नुसती उभी राहिली. मला वाटलं, काच काढली तरी मी सुटलो नाही. मला जपता जपताच त्यांनी मला कायमचं कोंडलं.

आजींनी मात्र हातमोजे चढवले. "मापं तर घेता येतील," त्या म्हणाल्या. "दोरी आण गं."

त्यांनी माझी लांबी घेतली, रुंदी घेतली, भोकांमधलं अंतर घेतलं, निमुळतं टोक कुठे वळतं तिथे गाठ मारली. ओक्लाहोमात पोचल्यावर केलीने कातडं ताणून खुंट्या ठोकल्या. वाकताना तिचा हात कमरेवर जायचा. माझ्यासारखाच एक पाळणा उभा राहिला. वास नवा, ताठपणा माझा.

आता मी आमच्या लोकांच्या इमारतीत, काचेच्या झाकणाच्या पेटीत असतो. हो, पुन्हा पेटीच. पाटीवर 'रात्रीचा पाळणा' असं आमच्या भाषेत लिहिलंय. केली याच इमारतीत काम करते आणि बाळाला घेऊन येते.

मित्रांनो, एखादी वस्तू काय आहे हे ठाऊक नसेल तर पाटीवर 'ठाऊक नाही' असं लिहायला लाजू नका. कधीतरी कुणी येऊन सांगेल. आणि जुन्या वस्तू जपा, पण अशा जपा की त्या हाताळता येतील. मला कसर लागली असती, मी झिजलो असतो, फाटलोही असतो. तरी चाललं असतं.

बास आता. पलीकडे बाळ उठलंय आणि केली नव्या पाळण्याच्या वाद्या सोडते आहे. सावकाश, एकेक. आज तिला कुठे पळायचं नाही.